प्रकरण ६ : जहाजावरचं नेट नेमकं कुठे अडतं?

आमची भाची बेंगळुरूला, बेळंदूरच्या एका सॉफ्टवेअर कंपनीत आहे. गेल्या वर्षी ती सासू-सासऱ्यांना घेऊन सिंगापूरहून सुटणाऱ्या एका जहाजावर चार रात्रींच्या सहलीला गेली. रजा मिळाली होती, पण मधल्या मंगळवारची एक मीटिंग चुकवण्यासारखी नव्हती. "जहाजावरून करते" असं तिनं साहेबांना सांगून टाकलं आणि जहाजावरचा सगळ्यात महागडा नेटचा पॅक घेतला. सासूबाईंना स्वस्तातला, फक्त निरोप-फोटोपुरता घेऊन दिला.

मंगळवारी काय झालं? मीटिंगमध्ये हिचा चेहरा पडद्यावर गोठला. समोरच्यांचं बोलणं तुकड्यातुकड्यांनी येत राहिलं. दहाव्या मिनिटाला तिनं हात टेकले. शेजारच्या खुर्चीत सासूबाई मात्र पुण्याच्या बहिणीला समुद्राचे फोटो पाठवत होत्या आणि ते जातही होते. परत आल्यावर तिनं मला विचारलं, "मामा, पैसे जास्त भरले मी, आणि नेट चाललं सासूबाईंचं. हे कसं?"

प्रश्न मोलाचा आहे. जहाजावरच्या नेटचं सगळं मर्म त्यात आलं. उत्तरासाठी मात्र फोनपासून निघून आकाशापर्यंत आणि परत जमिनीपर्यंत जावं लागेल. वाटेत जिथे जिथे अडतं, तिथे थोडं थांबू.

१. टॉवर मागे राहतो

बंदरातून जहाज सुटलं की पहिला तासभर फोन नेहमीसारखा चालतो. मग रेंजच्या काड्या एकेक करून कमी होतात. याचं पहिलं कारण म्हणजे पृथ्वीचा गोलावा. मोबाईलच्या लहरी साधारण सरळ रेषेत जातात. टॉवर ४० मीटर उंच धरला, तर त्याच्या टोकावरून क्षितिज दिसतं सुमारे २२-२३ किलोमीटरवर. तुम्ही समुद्रसपाटीपासून २५ मीटर उंच डेकवर असाल, तर तुमचं क्षितिज सुमारे १८ किलोमीटरवर. दोन्हींची बेरीज ४० किलोमीटर. त्यापुढे तुमच्या आणि टॉवरच्या मध्ये समुद्राचीच पाठ येते.

प्रत्यक्षात संपर्क त्याच्या आधीच तुटतो. टॉवरचा आवाज दणदणीत असतो. फोनचा मात्र क्षीण, पाव वॅटही नाही. टॉवरचं फोनला ऐकू येतं, पण फोनचं टॉवरपर्यंत पोहोचत नाही. म्हणून पडद्यावर दोन काड्या दिसतात आणि निरोप मात्र जात नाही. घाटात हे आपण सगळ्यांनी अनुभवलं आहे.

इथे एक सावधगिरीची सूचना. पुष्कळ जहाजांवर त्यांचा स्वतःचा छोटा मोबाईल टॉवर असतो आणि तो उपग्रहाला जोडलेला असतो. किनाऱ्याची रेंज गेली की फोन आपणहून त्या टॉवरला चिकटतो आणि रोमिंगचं बिल चढू लागतं. हे दर जमिनीवरच्या रोमिंगपेक्षा फार जास्त असतात. किनारा दिसेनासा व्हायच्या आत फोन एअरप्लेन मोडवर टाकावा आणि मग फक्त वाय-फाय चालू करावं.

२. पोलादाचा डबा आणि एक बैलगाडी

आता सगळा भार जहाजाच्या वाय-फायवर. घरात एक राऊटर दोन-तीन खोल्यांना पुरतो, कारण भिंती विटांच्या असतात. जहाजाच्या भिंती, जमीन, छत, आगीपासून रक्षण करणारे दरवाजे, सगळं पोलादी. फोन स्टीलच्या डब्यात ठेवून घट्ट झाकण लावा आणि दुसऱ्या फोनवरून त्याला लावून बघा. रेंज एकदम घसरते, कधी फोन लागतच नाही. धातूच्या बंद कवचाला लहरी सहज भेदत नाहीत, त्या त्यावरून उलटतात.

धातूचा हा गुण बेंगळुरूच्या माणसांना एका जुन्या छायाचित्रामुळे लक्षात राहायला हरकत नाही. १९८१ साली भारतानं 'ॲपल' नावाचा आपला पहिला प्रायोगिक दळणवळण उपग्रह सोडला, १९ जूनला, युरोपच्या एरियान रॉकेटवरून. इस्रोच्या उपग्रह केंद्राचं काम तेव्हा पीण्या औद्योगिक वसाहतीतल्या शेडमध्ये चालायचं. उड्डाणाआधी अँटेनाची चाचणी उघड्या मैदानात घ्यायची होती. उपग्रह लोखंडी गाडीवर ठेवला असता, तर तिच्या धातूवरून उलटणाऱ्या लहरींनी मोजमाप बिघडलं असतं. म्हणून तो चक्क लाकडी बैलगाडीवर चढवला. ते छायाचित्र पुष्कळदा भारताच्या गरिबीची खूण म्हणून दाखवतात. मला त्यात शास्त्रज्ञांची नेमकी समज दिसते. मोजमापाच्या आड येणारा धातू त्यांनी बाजूला केला, इतकंच.

जहाजाला ही सोय नाही. म्हणून चांगल्या जहाजांवर प्रत्येक केबिनमध्ये, नाहीतर दर दोन-तीन केबिनमागे वाय-फायचा एकेक छोटा डबा बसवतात आणि ते सगळे तारांनी आत जोडतात. जुन्या जहाजांवर असे डबे कधी फक्त मार्गिकेत असतात. तिथे दार लावलं की रेंज अर्धी.

यातून दोष ओळखण्याची एक सोपी खूण हाती येते. वाय-फायच्या काड्या कमी दिसत असतील, तर अडचण जहाजाच्या पोटात आहे. मार्गिकेत किंवा जिन्याजवळच्या मोकळ्या जागेत जाऊन बघा. काड्या भरलेल्या असून पान उघडत नसेल, तर अडचण जहाजाच्या बाहेर आहे. मग जागा बदलून काही उपयोग नाही.

३. डोक्यावरचे पांढरे घुमट

धक्क्यावरून जहाजाकडे बघताना सगळ्यात वरच्या मजल्यावर पांढरे गोल घुमट दिसतात. पुष्कळांना त्या पाण्याच्या टाक्या वाटतात. त्यांच्या आत अँटेनाची थाळी असते. जहाज डुलतं, वळतं, हेलकावतं, आणि थाळीला मात्र हजारो किलोमीटरवरच्या उपग्रहावरची नजर क्षणभरही हलवायची नसते. मोटरी आणि तोल मोजणारी उपकरणं तिला सतत उलट दिशेला फिरवत राहतात. डोक्यावर घागर घेऊन खडबडीत वाटेनं चालणारी बाई मानेनं जे करते, तेच.

घुमट एकापेक्षा जास्त असतात, कारण जहाज वळलं की त्याचंच धुराडं किंवा मस्तूल मध्ये येतं. एका थाळीची नजर अडली की दुसरी काम उचलते. दोन्हींमधल्या या अदलाबदलीत काही सेकंदांचा खंड पडू शकतो. फोटो जात असेल, तर तो खंड तुम्हाला कळणारही नाही. मीटिंगमध्ये मात्र तुमचं वाक्य तुटतं.

४. छत्तीस हजार किलोमीटरचा हेलपाटा

आता खरा प्रवास. दूरचित्रवाणीच्या छत्र्या ज्यांच्याकडे तोंड करून असतात, ते उपग्रह विषुववृत्ताच्या वर ३५,७८६ किलोमीटर उंचीवर असतात. त्या उंचीवर उपग्रहाची एक फेरी आणि पृथ्वीची एक गिरकी बरोबरीनं पुऱ्या होतात, म्हणून तो आकाशात एका जागी उभा असल्यासारखा दिसतो. आपल्या अशा उपग्रहांची देखरेख बेंगळुरूहून मंगळूरच्या वाटेवर लागणाऱ्या हासनच्या मुख्य नियंत्रण केंद्रातून होते.

जहाजावरून निघालेला निरोप उपग्रहापर्यंत वर जातो, तिथून जमिनीवरच्या केंद्राकडे खाली येतो. दोन्ही मिळून सुमारे ७१,५७२ किलोमीटर. लहरी सेकंदाला तीन लाख किलोमीटर जातात, म्हणजे लागले ०.२४ सेकंद. उत्तराला तितकेच. झाला जवळजवळ अर्धा सेकंद, आणि वाटेतली यंत्रं धरून ०.६ सेकंदाच्या आसपास. बेंगळुरूहून मुंबईला केबलमधून हाच हेलपाटा सेकंदाच्या शंभराव्या भागाच्या दोन-तीन पटींत होतो.

अर्धा सेकंद काय मोठा, असं वाटेल. पण बँकेचं पान उघडण्याआधी तुमचा फोन आणि बँकेचा संगणक आधी नमस्कार-चमत्कार करतात. पत्ता विचारायचा, ओळख पटवायची, कुलूप-किल्ली ठरवायची. असे पाच हेलपाटे झाले, तर ०.६ गुणिले ५ म्हणजे ३ सेकंद. पानाचं पहिलं अक्षर दिसायच्या आधी. पॅक कितीही महाग घ्या, हे ३ सेकंद विकत घेऊन कमी होत नाहीत. त्यासाठी उपग्रहच जवळ यायला हवा.

आणि तो आला. ८,०६२ किलोमीटरवर फिरणारे 'ओथ्रीबी'चे उपग्रह वापरून रॉयल कॅरिबियन या जहाजकंपनीच्या 'ओएसिस ऑफ द सीज' या जहाजानं २०१४ मध्ये समुद्रावर वेगवान नेट दिलं. २०२२ च्या ऑगस्टमध्ये त्याच कंपनीनं आपल्या सगळ्या जहाजांवर स्टारलिंक बसवण्याचं जाहीर केलं. स्टारलिंकचे उपग्रह साधारण ५५० किलोमीटरवर असतात, म्हणजे वर-खाली ११०० किलोमीटर, ४ हजारांश सेकंदांत. पण इतक्या खालचा उपग्रह एका जागी उभा दिसत नाही. दीड-एक तासात तो पृथ्वीला फेरी मारतो आणि काही मिनिटांत क्षितिजाआड जातो. म्हणून असे हजारो लागतात, आणि थाळीला सारखा एकाचा हात सोडून दुसऱ्याचा धरावा लागतो.

५. टँकर एक, घरं अठराशे

बेंगळुरूच्या अपार्टमेंटमध्ये राहणाऱ्याला पुढची गोष्ट समजवायला वेळ लागत नाही. टँकरला फोन केल्यापासून तो फाटकात येईपर्यंतचा वेळ वेगळा, आणि त्यातून किती लिटर पाणी येतं ते वेगळं. पहिली गोष्ट म्हणजे आत्ताच पाहिलेला उशीर. दुसरी म्हणजे नेटची क्षमता, जी एमबीपीएसमध्ये मोजतात. टँकर दोन तासांनी आला, तरी १२,००० लिटर आणू शकतो. उंचावरच्या उपग्रहाचं नेट नेमकं तसं असतं.

तिसरी गोष्ट वाटणीची. २०२४ च्या उन्हाळ्यात शहरात पाण्याचा इतका तुटवडा झाला, की प्रशासनाला खासगी टँकरचे दर बांधून द्यावे लागले. तेव्हा सगळ्यांनी पाहिलं, की सकाळी सात ते नऊ नळ करंगळीएवढा वाहतो आणि दुपारी दोनला धो धो. टाकी तीच. उघडलेले नळ कमी-जास्त.

एक हिशेब करू. समजा, जहाजावर १,८०० प्रवासी आहेत आणि जहाजाला मिळून ३०० एमबीपीएस मिळतात. संध्याकाळी जेवणाआधी ६०० जण एका वेळी फोन उघडतात. प्रत्येकाच्या वाट्याला अर्धा एमबीपीएस. व्हॉट्सॲप फोटो आकसवून पाठवतं, असा २०० केबीचा फोटो अर्ध्या एमबीपीएसमध्ये तीन-साडेतीन सेकंदांत जातो. बरा चेहरा दिसेल अशा व्हिडिओ मीटिंगला जाता-येता दोन्हीकडे एक ते तीन एमबीपीएस लागतात, तेही अखंड. त्यात जहाजाकडून वर जाणारी वाट खाली येणाऱ्या वाटेपेक्षा बहुतेक वेळा अरुंदच असते. भाचीचा चेहरा गोठला तो इथे. पहाटे तीनला तीच मीटिंग कदाचित पार पडली असती.

मोठ्या प्रमाणावर हेच लक्षद्वीपनं भोगलं. मुंबई-गोव्याहून जहाजं जिथे जातात, त्या बेटांचं नेट कालपरवापर्यंत उपग्रहावर होतं. सगळ्या बेटांना मिळून १.७ जीबीपीएस. २०११ च्या जनगणनेत तिथली लोकसंख्या ६४ हजारांच्या वर होती. भागाकार केला तर माणशी जेमतेम २६ केबीपीएस. ३ जानेवारी २०२४ ला कोची-लक्षद्वीप समुद्रतळाच्या केबलचं उद्घाटन झालं आणि २०० जीबीपीएसची वाट खुली झाली. बेटाला केबल नेता येते. चालत्या जहाजाला नेता येत नाही, म्हणून त्याच्या नशिबी टँकरच.

हा टँकर मोठा करायचं काम बेंगळुरूतच चाललं आहे. इथल्या यू. आर. राव उपग्रह केंद्रात घडलेला जीसॅट-एन२ उपग्रह १९ नोव्हेंबर २०२४ ला अमेरिकेतून उडाला. त्याची क्षमता ४८ जीबीपीएस. सगळ्या देशावर एक मोठा झोत टाकण्याऐवजी तो ३२ वेगवेगळे झोत टाकतो. एकाच कंदिलाऐवजी ओसरीत, माजघरात, परसात वेगळा दिवा लावावा, तसं. अशा उपग्रहांमध्ये तीच लहर लांबच्या दोन झोतांत पुन्हा वापरता येते, म्हणून क्षमता वाढते.

६. ५००-डी ची वाट

वेग पुरेसा असून बोलणं तुटतं, याचं आणखी एक कारण आहे, आणि त्याकडे फार कमी लोक बघतात. बेंगळुरूच्या आउटर रिंग रोडवर ५००-डी बसची वाट पाहिलेल्याला ते सांगायला नको. हिशेबानं तासाला सहा बस, म्हणजे दर दहा मिनिटांनी एक. प्रत्यक्षात पंचवीस मिनिटं काही नाही आणि मग तीन एकामागोमाग. सरासरी बरोबर, वाट बघणारा मात्र बेजार.

नेटवर तुमचा आवाज बारीक तुकडे करून पाठवतात. ते ठरावीक अंतरानं आले तर बोलणं सलग ऐकू येतं. एक लवकर, एक उशिरा, एक वाटेत हरवलेला, असं झालं की शब्द फाटतात. फोटोला याचं काहीच नाही. हरवलेला तुकडा पुन्हा मागवला जातो, उशिरा आलेला जागेवर बसतो, आणि बहिणीला पुण्यात पूर्ण फोटो दिसतो. सासूबाईंचा निरोप थांबू शकत होता, मीटिंग थांबू शकत नव्हती. भाचीच्या प्रश्नाचं निम्मं उत्तर हेच.

जहाजांच्या जाहिरातीत वेगाचा आकडा मोठ्या अक्षरांत छापतात. तुकडे किती नियमित येतात, किती हरवतात, हे कुठेच नसतं. मला हे ग्राहकावर अन्यायाचं वाटतं, कारण बोलण्यासाठी कामाचे आकडे तेच.

७. पाऊस आणि हद्द

पावसाळ्यात घरची डिश टीव्हीची छत्री मुसळधार सरीत बंद पडते, ते सगळ्यांना ठाऊक आहे. जास्त क्षमता देणाऱ्या लहरी आखूड असतात, एक-दोन सेंटिमीटरच्या. काही मिलिमीटरचे थेंब त्यांना चांगलेच शोषतात आणि विखरतात. वादळी ढगाखालून जहाज जाताना नेट मंदावतं ते त्यामुळे.

हद्दीचा मुद्दा वेगळा. देशाची सागरी हद्द किनाऱ्यापासून १२ सागरी मैल, म्हणजे सुमारे २२ किलोमीटर. तिच्या आत त्या देशाचे दूरसंचाराचे नियम लागतात. भारतानं विमानं आणि जहाजांतल्या नेटचे नियम डिसेंबर २०१८ मध्ये केले, आणि पुढच्याच वर्षी सप्टेंबरात टाटा समूहातल्या नेल्को कंपनीची जहाजांसाठीची सेवा मुंबईत सुरू झाली. एखाद्या उपग्रहसेवेला त्या देशाचा परवाना नसेल, तर जहाज हद्दीत शिरताच ती बंद ठेवावी लागते. बंदर समोर दिसत असताना जहाजाचं वाय-फाय का गेलं, असं प्रवासी विचारतात. त्याचं एक कारण हे असू शकतं.

८. 'रामदास'कडे काय नव्हतं

इथवर सगळी सोयीची बोलणी झाली. आपल्या किनाऱ्यावर संपर्काचा प्रश्न एकदा जीवावर बेतला होता. १७ जुलै १९४७ ला मुंबईहून रेवसला निघालेली 'रामदास' ही आगबोट काश्याच्या खडकाजवळ उलटली. सहाशेहून जास्त माणसं गेली. मुंबई काही मैलांवर होती, पण बोटीवर वायरलेसच नव्हतं. सकाळी झालेल्या अपघाताची बातमी शहराला कित्येक तासांनी कळली, पोहून आलेल्या माणसाच्या तोंडून. कोकणातल्या जुन्या घरांमध्ये अजून त्या दिवसाबद्दल हळू आवाजात बोलतात.

त्याआधी १९१२ मध्ये 'टायटॅनिक'वर वायरलेस होतं. पण ते चालवणारे दोघे प्रवाशांच्या खासगी तारा पाठवण्यात गुंतले होते, आणि जवळच्या जहाजाकडून आलेली हिमनगाची सूचना त्या गर्दीत अर्धवट राहिली. प्रवाशांची हौस आणि जहाजाची सुरक्षितता एकाच तारेवर टांगू नये, हा धडा जगानं तिथून घेतला.

आज प्रवाशांचं वाय-फाय आणि संकटाचा संपर्क वेगळे असतात. १ फेब्रुवारी १९९९ पासून जगभरातल्या मोठ्या जहाजांना संकटसंपर्काची एकच यंत्रणा पूर्णपणे लागू झाली. तिचा एक मोठा आधार म्हणजे १९७९ मध्ये खास जहाजांसाठी स्थापन झालेल्या इनमारसॅटचे उपग्रह. त्यांच्या या सेवेच्या लहरी सुमारे २० सेंटिमीटर लांब. पावसाचा थेंब त्यांच्यापुढे इतका लहान, की त्याचा जवळजवळ परिणामच होत नाही. त्यावर सिनेमा बघता येणार नाही, पण तुफानातही ठिकाण आणि हाक पोहोचते. तेव्हा नेट गेलं म्हणून घरच्यांचा जीव टांगणीला लागायचं कारण नाही. निघतानाच तसं सांगून ठेवावं.

९. तिकीट काढण्याआधी

मी भाचीला तीन गोष्टी विचारायला सांगितल्या. जहाजाला नेट खालच्या उपग्रहांवरून मिळतं की छत्तीस हजार किलोमीटरवरून? ते पूर्ण मार्गावर मिळतं की काही टप्प्यांत बंद असतं? आणि वाय-फायचा डबा केबिनमध्ये आहे की मार्गिकेत? वेग विचारायचाच असेल, तर संध्याकाळी सातचा विचारावा.

शिवाय आपल्याकडची एक खास अडचण. बँकेचा ओटीपी एसएमएसनं येतो, आणि एसएमएस मोबाईलच्या जाळ्यातून येतो, वाय-फायमधून नाही. फोन एअरप्लेन मोडवर, वाय-फाय उत्तम, व्हॉट्सॲप चालू, आणि ओटीपी मात्र येत नाही, असं होतं. काही फोनवर वाय-फाय कॉलिंग चालू असेल तर तो येतो, पण त्याचा भरवसा धरू नये. विम्याचा हप्ता, विजेचं बिल, जे काही असेल ते किनाऱ्यावर असतानाच भरून टाकावं.

मुंबईहून गोवा-लक्षद्वीपला जाणारी 'कॉर्डेलिया'ची जहाजसहल २०२१ च्या सप्टेंबरात सुरू झाली. या डिसेंबरात भाची सासू-सासऱ्यांना घेऊन मुंबई-गोवा सफरीला निघाली आहे. मीटिंग याही वेळी आहेच. ती तिनं जहाज मुरगाव बंदराला लागेल त्या दुपारी ठेवली आहे, टॉवर धक्क्यावरून समोर दिसतात तिथे.